वाशीतला बांगड्यांचा गाळा

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या कित्येक वर्षांत माझा हात कोणी नीट धरलेला नाही. नवरा धरतो, रस्ता ओलांडताना. ते धरू नये. डॉक्टर धरतात, नाडी बघायला, तेही बाद. मी म्हणते ते धरणं निराळं. समोरच्या बाईने आपला हात स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबत राहायचं, गावभरच्या गोष्टी सांगायच्या, आणि आपण गोष्टीत रंगलो की हिरवी बांगडी हाडावरून अलगद मनगटात उतरवायची. आजही मॉलमध्ये बांगड्यांच्या स्टँडसमोर मी खुळ्यासारखी हात पुढे करून उभी राहते. तिथली मुलगी विचारते, मॅडम, साइज?

चाचीने मला साइज कधी विचारली नाही.

लग्न होऊन मी परळच्या चाळीतून वाशीच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये आले, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संडास घरात, नळ घरात, आणि बोलायला भिंती. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या बाईला हाक मारायची तर नाटकातल्यासारखा आवाज लावावा लागे. (तो माझ्याकडे होता, पण पलीकडे बाई नसायची.) संध्याकाळी खाडीवरून खारट वारा सुटला की चाळीतल्या गॅलरीच्या आठवणीने मी चक्क रडायचे आणि नवऱ्याला सांगायचे, कांदा चिरतेय.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका सगळी खरेदी दादरला करत. रविवारी बस पकडायची, पूल ओलांडायचा आणि पिशव्या फुगवून परत यायचं. कोथिंबीरसुद्धा दादरची. त्यामुळे खालच्या शॉपिंग सेंटरमधले निम्मे गाळे बंदच असत. उघड्या गाळ्यांपैकी एकात, काचेच्या बांगड्यांच्या रांगांमागे, चाची बसलेली असे.

चाची तळवलीची, बांगड्या भरणाऱ्या मुसलमान मणियारांच्या घरातली. जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन ती खाडीकाठच्या गावांतून फिरली होती. शेतावरच्या, मिठागरावरच्या बायकांचे हात तिनेच भरलेले. मग टाउनशिपसाठी गावांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांना पैसे मिळाले आणि त्यांच्या सुना बांगड्या भरायला ठाण्याला जाऊ लागल्या. चाचीच्या नावावर जमीन नव्हतीच, तेव्हा तिला पैसे मिळायचा प्रश्न नव्हता. तिची गिऱ्हाइकं गेली, आणि गिऱ्हाइकांची भरपाई कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. कोणीतरी खटपट करून तिला हा गाळा मिळवून दिला होता. पण गाववाल्या बायका फ्लॅटवाल्यांच्या बाजारात पाऊल टाकायला बिचकत आणि फ्लॅटवाल्या दादरला. मधल्यामध्ये चाची काचा पुसत बसे.

मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायचे. सगळ्या मिळून बांगड्या किती घेतल्या असतील ते विचारू नका, पण हात मात्र तिच्या मांडीवर. ती खोबरेल लावून बोटं चोळायची आणि म्हणायची, "हात सैल सोड बाय. तुला कोन मारतंय?" माझ्या आईनंतर मला असं कोणी रागावलं नव्हतं. त्या दुपारी मला आता कोणी परत आणून दिल्या, तर मी हे सगळं नवं शहर, पुलांसकट, देऊन टाकायला तयार आहे.

एका जानेवारीत तिने हात चोळता चोळताच सांगितलं की गाळे वाटणाऱ्या ऑफिसचा साहेब येऊन गेला. गाळा चालत नाही, महिनाअखेर तो दुसऱ्याला देणार. दुसरा ठरलेलाही होता, समोरचा व्हिडिओ कॅसेटवाला. त्याला जागा अपुरी पडत होती. माणूस वाईट नव्हता. येता-जाता चाचीची चौकशी करायचा आणि गाळ्याची उंची बघायचा.

संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. मी जाहीर केलं की या वर्षी माझ्याकडचं वाण म्हणजे बांगड्या, आणि त्या भरायला चाची घरी येणार.

बिल्डिंगमध्ये खळबळ उडाली. आमच्याकडे काकूंच्या मताशिवाय पान हलत नसे. काकू म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी, मूळच्या सोलापूरकडच्या. त्या ज्या वाण्याकडून डाळ घेत, तो वाणी तरला. काचेच्या बांगड्या जत्रेत भरायच्या, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं की हळदीकुंकवाला ती बाई कशी चालेल. मी चेहरा शक्य तितका भोळा केला आणि विचारलं, काकू, तुमच्या लग्नाचा चुडा कोणी भरला होता हो? काकू बराच वेळ कठड्यावरची धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, मणियारच यायचे आमच्याकडे. आणि वर निघून गेल्या.

इकडे मी चाचीला एक डाव सुचवला. बायकांचा एकेकच हात भरायचा. दुसरा हात रिकामा ठेवून कुठली बाई झोपेल? सकाळी सगळ्या गाळ्यावर हजर. या अक्कलहुशारीबद्दल शाबासकी मिळेल म्हणून मी थांबले, तर चाचीने माझा हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"एका हातावर सवाशीन उठवू? ह्यं कोनी शिकवलं तुला? गाळा गेला तर जाऊ दे, पन ह्यं नाय."

डाव बारगळला.

हळदीकुंकवाच्या दिवशी चाची पांढरी ओढणी घेऊन, टोपलीत आमच्या बिल्डिंगपुरत्या बांगड्या घेऊन आली आणि बैठकीच्या खोलीत चटईवर बसली. पहिल्या दोघी संकोचल्या. तिसरीला तिने विचारलं, नवरा जेवन करून देतो का नुसता हुकूम सोडतो, आणि खोली हसली ती हसलीच. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका आवाज ऐकून आल्या, त्याही बसल्या. काळ्या साड्या, तिळगूळ, एकमेकींच्या मनगटांकडे बघणं. मला वाटलं, मी चाळीच्या गॅलरीत आहे.

काकू मानाच्या म्हणून शेवटपर्यंत थांबल्या. मग बसल्या, हात ताठ. चाची अंगठ्याच्या मुळाशी दाबत राहिली. हळूहळू त्यांचा खांदा उतरला, मग मान. डावा हात भरून झाला तेव्हा काकूंचे डोळे भरलेले होते. बांगड्या भरणारीला नमस्कार करायची जुनी रीत. काकू सवयीने वाकल्या आणि चाचीच्या पायांना हात लावून मोकळ्या झाल्या. मी पटकन तिळगुळाचा डबा फिरवला.

उजव्या हातासाठी चाचीने टोपलीत हात घातला आणि तिचा चेहरा पडला. बायका जास्त झाल्या होत्या. काकूंच्या मापाची एकही हिरवी उरली नव्हती. शपथेवर सांगते, यात माझा हात नव्हता. चाची ताडकन उठली. गाळ्यावरून घेऊन येते म्हणाली. काकू म्हणाल्या, तुम्ही कशाला चकरा मारता, मीच येते. काकू निघाल्या म्हटल्यावर बाकीच्या कशाला मागे राहतात?

त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून आमची वरात निघाली. पुढे चाची, शेजारी एक हात पदराखाली झाकलेल्या काकू, मागे आम्ही साऱ्या किणकिणत.

गाळ्यासमोर कॅसेटवाला सुताराला घेऊन उभा होता. कपाटांची मापं घ्यायला. चाचीने कुलूप काढलं, दिवा लावला, काकूंना स्टुलावर बसवलं आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. आम्ही दाटीवाटीने आत शिरलो. दोघी-तिघी आधीच आपल्या लेकींसाठी लाल बांगड्या काढून बघत होत्या. सुतार टेप घेऊन खोळंबला. कॅसेटवाला अगदी नम्रपणे म्हणाला, ताई, जरा सरकून घेता का, एवढी भिंत मोजून झाली की आम्ही जातोच.

त्यानंतर तिथे माप घ्यायला कोणी आलं नाही. बरीच वर्षं तो गाळा चाचीचाच राहिला, ती थकून उरणला मुलीकडे जाईपर्यंत. ठाण्याला जाणाऱ्या सुनाही हळूहळू तिच्याकडे वळल्या. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण मला त्या गाळ्यावरून जाताना अजून ऐकू येतो तो काकूंचा आवाज. आयुष्यात कोणाशी चढ्या स्वरात न बोललेल्या काकू, चाचीच्या मांडीवरचा हात तसूभर न हलवता, अख्ख्या शॉपिंग सेंटरला ऐकू जाईल अशा कडाडल्या:

"दिसत नाही का तुम्हाला, माझा एक हात अजून रिकामाय!"