गाडी घरी आली की आधी टाकी

मी गणिताचा मास्तर आहे आणि घरात माझ्या गणिताला कोणी विचारत नाही, हे दुःख जुनं आहे. म्हणून विजेचा दर निवडायचा फॉर्म आला तेव्हा मी खूश झालो. पांढरकवड्याच्या आमच्या घराच्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसून वर्ष होत आलं होतं, दाराशी नवी इलेक्ट्रिक गाडी उभी होती, आणि आता दर ठरवायला माझ्याइतका लायक माणूस घरात नव्हता. निदान माझं तसं मत होतं.

पर्याय दोन होते. एकात दिवसरात्र एकच दर. दुसऱ्यात वेळेप्रमाणे: ऊन असेतो स्वस्त, आणि संध्याकाळी सगळं गाव घरी येऊन कूलर लावतं तेव्हा महाग. मी दोन रविवार खर्ची घालून चार रंगांच्या पेनांनी तक्ता केला आणि वेळेप्रमाणेचा दर निवडला. गाडी दुपारी आपल्याच उन्हावर चार्ज करायची, संध्याकाळी प्लगला हातही लावायचा नाही. फॉर्म देऊन आलो आणि तक्ता फ्रीजवर लावला.

बायको मेथी निवडत होती. तिनं तक्ता वाचला आणि विचारलं, "पण दुपारी गाडी घरी राह्यते कधी?"

रोज सकाळी ती गाडी घेऊन मीच झरी जामणीकडच्या माझ्या शाळेत जातो आणि दिवे लागताना परततो. ऊन स्लॅबवर आणि गाडी शाळेतल्या कडुलिंबाखाली. चार रंगांत हे कुठंच आलं नव्हतं. पण चूक कबूल करण्यापेक्षा मास्तर नवा तक्ता करतो. मी म्हणालो, रविवारी दिवसभर चार्ज करू, आठवडाभर जपून चालवू, शेवटी कमी पडलंच तर मी बसनं जाईन.

"तुम्ही? बसनं?" ती पोटावर हात ठेवून हसली. सातवा महिना होता.

तिचं माहेर राजूरचं. बाळंतपण तिथंच व्हायचं होतं, पण तिचं बीपी वाढायला लागलं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की बाळंतपण यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातच करायचं, कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं. हे मला पाठ होतं. त्यासाठी एक वेगळा तक्ता करायचं माझ्या मनात होतं.

घरात तिसरे बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांनी उभा जन्म नागपूर-हैदराबाद हायवेवर ट्रक चालवला, बहुतेक कापसाच्या गाठींचा. नवी गाडी आली त्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले होते, "आवाज नाही, वास नाही. हे गाडी होय का फ्रीज?" महिन्याभरात ते तिच्या असे प्रेमात पडले की रोज सकाळी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिच्या काचा पुसू लागले.

माझी योजना तर कमालीची यशस्वी झाली. आकडा मी आठवड्यातून एकदाच, बुधवारी शाळेतून परतल्यावर बघायचो, आणि जेवढं चार्जिंग उरायला हवं त्याच्या दुप्पट उरलेलं असे. मी समजलो की माझं चालवणंच सुधारलं. शिक्षकांच्या खोलीत मी पाय हलका ठेवून गाडी कशी चालवावी यावर व्याख्यान दिलं. मी भजी नेली होती, म्हणून सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग बिल आलं. संध्याकाळची वीज भरमसाट वापरलेली. मी मीटरवर संशय घेतला, फ्रीजवर घेतला, शेजारच्यांच्या वायरवरही घेतला. तक्रारीचा अर्ज लिहून तयार ठेवला. एका संध्याकाळी दूध आणायला चौकात गेलो, डेअरी बंद होती, म्हणून लगेच परतलो. बाबा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. चार्जिंगची वायर गाडीला लावलेली, आणि लुकलुकणारा हिरवा दिवा मला दिसू नये म्हणून त्यावर दुपट्टा टाकलेला.

"बाबा! हे काय करून राह्यले तुम्ही?"

"दिसत नाही काय? टाकी भरून राह्यलो."

"रोज? आन् ह्या टायमाले? सगळ्यात महाग टाइम आहे हा! कायले लावला मंग मी तो तक्ता?"

"पाह्यला तुहा तक्ता. सगळं हाय त्यात. पोरीचं पोट नाही." ते शांतपणे म्हणाले. "ड्रायवर गाडी घरी आणते, आधी टाकी भरते, मंग जेवाले बसते. सकाळी कोण कुठी बोलावंल, सांगता येते काय?"

मला राग आला. तो पकडले गेल्याचा होता, आणि पकडला गेलो होतो मी. हलक्या पायाचं व्याख्यान आठवून कानशिलं तापली. मी ओरडलो, "तुमचा ट्रकचा जमाना गेला आता!"

ते चिडले नाहीत. पायरीवर बसले. "तू झाला तवा मी कुठी होतो, माहीत हाय काय तुले?"

"ट्रिपवर होते." लहानपणापासून मला एवढंच सांगितलं गेलं होतं.

"हैदराबादच्या वाटेवर, निर्मलच्या घाटाखाली उभा होतो. डिझेल संपलं होतं. आदल्या दिवशी पंप समोरच होता, पण म्हटलं पुढं स्वस्त भेटते, तिथी भरू. तितक्यात ढाब्यावर ट्रकवाल्या शेठचा निरोप आला, बाई दवाखान्यात हाय, परत फीर. निघालो आन् घाटाखाली गाडी बसली." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "घरी पोचलो तवा तू दोन दिवसांचा झालता. तुही माय मले एक शब्द बोलली नाही. जाईपर्यंत बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं."

माझ्या जन्माची गोष्ट मी बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, आणि मघाशी त्यांच्यावर ओरडल्याची मला मनापासून लाज वाटली. मी दिव्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी एकच दराचा अर्ज दिला. खिडकीतले बाबू म्हणाले, "सर, सोलर आहे ना तुमच्याकडं? वेळेप्रमाणेचा स्वस्त पडला असता." मी म्हणालो, "हाव, पडला असता." तक्त्याच्या पाठीवर बायकोनं किराण्याची यादी लिहिली.

नववा लागल्यावर एका गुरुवारी सकाळी मी शाळेसाठी दाढी करत होतो आणि तिनं आतून हाक मारली. त्या हाकेतच कळलं. अर्ध्या गालाला फेस घेऊन मी धावलो. माझ्या हातून किल्ली दोनदा पडली. तिसऱ्यांदा बाबांनी उचलली आणि म्हणाले, "सरक तिकडं." बायकोला धरून मी मागं बसलो. पुढं चार्जिंगचा आकडा दिसत होता, पूर्ण भरलेला. माझ्या तक्त्याप्रमाणे गुरुवारी ती गाडी यवतमाळच्या अर्ध्या वाटेतच बसली असती. बाबांनी वाटेत एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही. हलका पाय म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दवाखान्यात बाबा बाकावर बसलेच नाहीत, दाराला लागून उभे राहिले. आतून रडण्याचा आवाज आला तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. बाबा अजून आतल्या रडण्याकडेच कान लावून होते.

"तुहंही असंच असंल," ते म्हणाले.

मग त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि इथं गाडी चार्ज करायची सोय कुठं आहे, हे विचारायला खाली चौकीदाराकडे गेले.