गाडीच्या तोंडातला नैवेद्य

कल्पना करा. रविवारची सकाळ आहे आणि नवीन पनवेलमधल्या एका चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये तुम्ही पुठ्ठा अंथरून शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीखाली उताणे झोपला आहात. गाडी लोखंडी घोडीवर चढवलेली आहे. पुठ्ठ्याखालच्या फरशीवर कुत्री रोज काय करतात, ते तुमच्या नाकाला आता पाठ झालंय. कोपऱ्यातल्या खांबावर कुणीतरी पान थुंकलंय, पडल्या पडल्या नेमकं तेच दिसतंय. हातातल्या पान्याने तुम्ही इंजिनच्या पोटाखालचा बोल्ट सैल करता. शेवटचा आटा सुटतो आणि डांबरासारखं काळं, कोमट तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. हात काढावा तर बोल्ट तेलाच्या घमेल्यात पडणार. वरून एक प्रेमळ आवाज विचारतो, "झालं का गं विनू? चहा टाकू?"

एवढ्यावर तुम्हाला शिसारी आली नसेल, तर तुमचं विनिताशी जमेल.

विनिता उरणकडच्या कोळीवाड्यातली. आई सोनाबाई मासळी विकायची, अजूनही विकते. लेकीने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि कळंबोलीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागली. पण तिथे तिला पाना मिळाला नाही, काउंटर मिळाला. "सर, पाणी घेणार? मॅडम, गाडी संध्याकाळी मिळेल." गाडीला हात लावायला मुलं होती. म्हणून रविवारी ती इमारतीतल्या लोकांच्या गाड्या खोलायची. शिकलेल्या हातांना गंज चढू नये, एवढाच हेतू. लोकही खूश. फक्त लिफ्टमध्ये ती तेलकट हातांनी शिरली की सगळे भिंतीला चिकटायचे.

आजची गाडी समोरच्या घरातल्या शोभाकाकूंची होती. म्हणजे कागदावर त्यांच्या मुलाची, हितेशची. चालवायची मात्र सून, आभा. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती मालाच्या आवक-जावकेचं काम बघायची आणि रोज कंटेनरच्या ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत गाडीने जायची. लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते. मग तिला खोकला सुरू झाला. साधा नाही, रात्री उठून बसावं लागेल असा. छातीचा फोटो झाला, औषधं झाली. शेवटी हितेश म्हणाला, "ती ट्रेलरची धूळ बाधतेय तुला. या महिन्यात राजीनामा दे."

परवा जिन्यात आभावहिनीने विनिताला हे सांगितलं आणि सांगता सांगता कठडा धरून खोकली. "तू गाडी बघतेस ना रविवारी? नीट बघ गं. सोमवारी कागद द्यायचाय मला."

"पण वहिनी, इतरांना खोकला नाही होत? गोदामातल्या?"

"तेच तर! तिथे मी बरी असते. गाडीत बसले की सुरू."

हे वाक्य विनिताच्या डोक्यात अडकून बसलं होतं. म्हणून तेल बदलून, तेलाचा फिल्टर आवळून झाल्यावर तिने हात पुसले आणि ती गाडीच्या आत, डाव्या सीटवर जाऊन बसली. एसीची हवा गाळणारा फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. साधं काम. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडायचा, मागचं झाकण काढायचं.

कप्पा खाली पडला आणि विनिता थबकली. झाकणाच्या चारही कडांवर खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी लावली होती. एक थर, दुसरा, तिसरा. कुठलाही गॅरेजवाला असलं करत नाही. तो फिल्टर बदलतो, नाहीतर बदलला म्हणून सांगतो. पट्टी लावत बसायला त्याला वेळ कुठून?

तिने पट्टी सोलली. झाकण उघडलं.

वास आधी आला. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलीला वासाचं काय, असं लोकांना वाटतं. उलट आहे. सोनाबाई तिला लहानपणीच सांगायची, "वास आला का समजायचं, मासली काय सांगते ते. नाक दाबून काय कलनार नाय." विनिताने नाक दाबलं नाही, वाकून आत बघितलं.

फिल्टर कागदाचा असतो, पांढरा. हा काळा होता आणि त्याला मधोमध भोक होतं. भोकात घरटं. कुरतडलेले टिश्यू, डॅशबोर्डच्या आतलं फेल्टचं अस्तर, केस. घरट्यात सुकलेली, बोटाच्या पेराएवढी उंदराची पिल्लं, कातडी चिकटून वाळलेली. खाली मोठा उंदीर, अर्धा तसाच, अर्धा ओघळलेला. सगळीकडे लेंड्या. आणि लेंड्यांमध्ये खोबऱ्याचे तुकडे, गुळाचे काळे खडे, हळदीचे तांदूळ, कुंकू.

एसी सुरू केला की पंखा ही सगळी हवा आभावहिनीच्या तोंडावर फेकत होता. रोज. जाताना आणि येताना.

विनिताने दाराबाहेर वाकून दोनदा कोरडी ओकारी काढली. मग हातमोजे चढवून ते सगळं जुन्या वर्तमानपत्रावर ओढून काढलं.

काकू चहा घेऊन आल्या त्या तिथेच थबकल्या. पदर नाकाला गेला. "शी! शी शी! विनू, हे तर तुझ्या सुकटीहून वाईट गं!"

विनिताने गॅलरीत जवळा वाळत घातला, तेव्हा याच काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर 'वासाबद्दल' मेसेज टाकला होता. दुसरी वेळ असती तर विनिताने टोला परतवला असता. आज तिने फक्त विचारलं, "काकू, हे खोबरं गाडीत कसं आलं?"

काकूंनी वाकून बघितलं. चेहरा हळूहळू उतरला. "नैवेद्याचं आहे ते. दर अवसेला गाडीला ठेवते मी. आणि शनिवारी."

"कुठे ठेवता?"

"बॉनेटवर ठेवायचे आधी. पण कावळे न्यायचे. आता कावळ्याने नेलं म्हणजे तो पितरांचा घास झाला ना! गाडीला कुठे मिळाला? म्हणून मग काचेखाली ती जाळी आहे ना, वायपरपाशी, तिच्या फटीतून आत सोडते. थेट गाडीच्या तोंडात."

त्याच जाळीतून गाडी बाहेरची हवा ओढते. विनिताने ते सांगितलं. सांगताना आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

काकू शेजारच्या स्कूटरवर टेकल्या. "अगं, आभाचा खोकला वाढला म्हणून मी शनिवारचाही सुरू केला. दृष्ट असेल म्हटलं." त्यांनी बशीतला चहा फरशीवर ओतून टाकला. "म्हणजे मीच तिला..."

विनिताला काकूंचा राग यायला हवा होता. पण काकूंना आत काय चाललंय हे ठाऊकच नव्हतं. हातातली चिकटपट्टी मात्र कुणाला तरी ठाऊक होती.

तेवढ्यात हितेश पायऱ्या उतरून आला. दुरूनच त्याला डॅशबोर्डचा लोंबता कप्पा दिसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, ते कशाला उघडलंस? मी पॅक केलं होतं ना!"

विनिताने पट्टी त्याच्या पायांपाशी टाकली. हितेशलाच मग बोलावं लागलं.

"म्हणजे, वास येत होता म्हणून मी एकदा बघितलं होतं. मला असलं नाही बघवत, विनिता. ओकलो मी तिथेच. म्हटलं पॅक करून टाकू, आपोआप सुकेल."

"हितेशदादा, झाकण पॅक करून काय होतंय? हवा पंख्यातून येते."

"मला काय माहीत ते! मी काय इंजिनीअर आहे?"

"मग मला सांगायचं. दार समोर आहे आमचं."

"तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. तिला काय सांगू? तुझ्या खोबऱ्यावर उंदीर व्याले?" त्याने आईकडे बघून आवाज उतरवला. "ते गुंडाळ आणि टाकून दे आता. नवा फिल्टर लाव. आभाला दाखवू नकोस."

हे ऐकल्यावर विनिताला जे वाटलं, ते उंदराच्या वेळी वाटलं नव्हतं. उंदीर मेला, कुजला, त्याने लपवलं काही नाही.

"काय दाखवायचं नाही मला?" आभावहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. हातात ऑफिसची फाइल, तिच्यात उद्या द्यायचा कागद असणार. तिने वर्तमानपत्रावर बघितलं. मग खाली पडलेल्या पट्टीकडे. मग नवऱ्याकडे. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. ती गोदामात खोकी मोजते. पट्टी कुणी कशावर आणि का लावतो हे तिला कळतं.

"हे तू कधी बघितलंस?"

"अगं, बरेच दिवस झाले."

"बरेच म्हणजे? मला नोकरी सोड म्हणालास, त्याच्या आधी की नंतर?"

हितेश म्हणाला, "आता त्याचं काय? निघाली ना घाण?" आणि चहाची रिकामी बशी आईच्या हातातून घेऊन वर गेला. आभावहिनीने फाइल उघडली, कागद काढला आणि वर्तमानपत्रावरच्या ढिगात टाकला. "गुंडाळ गं विनिता," ती म्हणाली.

विनिताने एसीच्या पंख्याची पाती धुतली, जाळीची फट ब्रशने साफ केली, नवा फिल्टर बसवला. सोमवारी गाडी द्रोणागिरीला गेली, आणि अजून जाते. वहिनी जिन्यात भेटते, पूर्वीपेक्षा कमी खोकते. हितेशही भेटतो. "काय मेकॅनिक, मजेत?" म्हणतो, हसतो.

विनिता हसत नाही. धूळ बाधते, राजीनामा दे, असं हा माणूस बायकोला सांगत होता, तेव्हा त्याला पट्टीमागचं ठाऊक होतं की नव्हतं? आधी की नंतर?