मुरीची शंभरावी चढाई

श्टेफ्काबाईंनी विपावाच्या खोऱ्यात एकतीस वर्षं बस चालवली. मुरी त्यांना बसमध्येच सापडला. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले आणि मागच्या बाकाखाली हे कुत्र्याचं काळं पिल्लू तेवढं राहिलं. न्यायला कुणी आलं नाही. पुढची नऊ वर्षं तो त्यांच्या सीटमागे झोपून रोज खोरं पालथं घालायचा. मधे कोण चढलं, कोण उतरलं, याचं त्याला सोयरसुतक नसे; उठायचा तो शेवटच्या थांब्याला.

बाई निवृत्त झाल्या, तसा मुरीही झाला. मग दोघं रविवारच्या कुत्रेवाल्यांच्या टोळीत शिरली. टोळी संत प्रिमोझच्या टेकडीवर चढायची, माथ्यावरच्या देवळाशेजारच्या पेटीतल्या वहीत नावं लिहायची आणि गवतावर शिदोऱ्या सोडायची. शंभर वेळा चढलेल्या कुत्र्याचा पंजा शाईत बुडवून त्या वहीत उमटवायचा, असा टोळीचा रिवाज. अट एकच, चढायचं स्वतःच्या पायांनी.

मुरीच्या नव्याण्णव चढाया झाल्या होत्या. आणि डॉक्टर म्हणाले होते, "याचे गुडघे गेलेत. आता एकदाच, तेही हळूहळू."

त्या रविवारी तो डुलत डुलत बराच वर आला. देऊळ दिसायला लागलं आणि त्यानं वाटेतच बसकण मारली.

"ऊठ रे राजा."

राजानं शेपूट हलवलं. बूड नाही.

"उचल आणि चल," शाईची डबी सांभाळणारा तोने म्हणाला. "मी डोळे मिटतो."

"तू मिटशील. मी काय करू?"

"अगं, कुत्रं आहे ते! त्याला कुठं पडलंय शंभराचं?"

"मला पडलंय."

टोळीतल्या लोइझ्कानं मुरीच्या नाकापुढे सॉसेज धरलं. त्यानं ते बसल्या जागी मटकावलं.

"लाच खाल्ली आणि काम नाही! साहेब झालाय गं तुझा कुत्रा!"

बाई हताश होऊन त्याच्याशेजारी टेकल्या. खाली रस्त्यावर इवलीशी बस वळणं घेत चालली होती. त्या बघत राहिल्या. मग एकदम उठल्या, दहा पावलं वर गेल्या, गाल फुगवून बसचं दार उघडल्यासारखा आवाज काढला, "फिस्स्स!" आणि खड्या आवाजात ओरडल्या, "शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या! सामान विसरू नका!"

मुरीचे कान ताठ झाले. तो उठला, अंग झाडलं आणि चालू लागला.

जरा पुढे जाऊन पुन्हा बसला. पुन्हा फिस्स्स, पुन्हा शेवटचा थांबा.

"किती गं शेवटचे थांबे तुझ्या मार्गावर?" तोने हसून हसून बेजार झाला.

"गप! प्रवाशांनी चालकाशी बोलू नये."

सातव्या थांब्याला देऊळ आलं. कुणीतरी घंटा बडवली. पंजा वहीत उमटला, निम्मा बाईंच्या बाहीवर. लोइझ्कानं अक्रोडाचा गोड पोतित्सा पाव कापला, तोनेनं वाइनची बाटली उघडली. दूर समुद्राची रेघ चमकत होती आणि टोळीतली सगळी कुत्री मुरीच्या ताटलीभोवती घोटाळत होती.

निघायची वेळ झाली तेव्हा मात्र मुरी जागचा हलेना. फिस्स्स केलं, तरी नाही. बरोबरच होतं. शेवटच्या थांब्याला तो कधीच उतरला होता.

बाईंनी त्याला खांद्यावर घेतलं. उतरायला काही अट नव्हती.