बत्तीस एकरांची गच्ची

नोटीस एका पानाची होती. गावच्या गायरानात अनधिकृत गच्ची असल्याचे दप्तरातील नोंदीवरून दिसून येते, असे तिच्यात लिहिले होते. ती गच्ची तीस दिवसांत पाडून जमीन चराईयोग्य करावी. न केल्यास सदर क्षेत्र बांधकामाखाली गेले असे समजून गायरानातून वजा करण्यात येईल.

ही नोटीस माझी आत्या घेऊन आली. सकाळच्या एसटीने ती शहरात उतरली, औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आली, कागद माझ्या हातात दिला आणि मग पाणी मागितले. मी एका दैनिकात बातमीदार म्हणून नुकताच लागलो होतो. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला सरकारी मराठी कळते, असा गावाचा समज होता.

"गच्ची म्हंजी माडीवरची ना रं?"

"हो."

"आपल्या गावात माड्या किती?"

"एकही नाही."

"मंग ही गच्ची टेकलीय कशावर?"

प्रश्न योग्य होता. गावातली सगळी घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची होती आणि माळवदाला कोणी गच्ची म्हणत नसे. गायरानात तर साधा गोठाही नव्हता.

आत्याच्या चाळीस शेळ्या होत्या आणि तिचे घर त्यांच्यावर चालत होते. तिच्या नावावर जमीन नव्हती. शेतकऱ्यांना आपापले बांध होते, पडीक तुकडे होते. तिला गायरानाशिवाय जागा नव्हती. गायरान गेले तर शेळ्या कन्नडच्या बाजारात न्यायच्या, एवढे ती एसटीत बसल्या बसल्या ठरवून आली होती. हे ठरवलेले कोणीतरी मोडावे, यासाठी ती माझ्याकडे आली होती.

ते गायरान मला चांगले माहीत होते. बत्तीस एकरांचे माळरान. वर वीतभर भुरकट, खडीने भरलेली माती आणि तिच्यात सुपारीएवढे पांढरे खडे. वीतभर खाली गेले की चुनखडीचा पांढरा, सलग थर लागे. पाण्याबरोबर चुना खाली उतरतो आणि खडी-माती सांधून टाकतो, मग असा थर तयार होतो, असे पुढे मला एका शेतकी अधिकाऱ्याने सांगितले. गावाला एवढेच ठाऊक होते की पहार मारली की ठण्ण वाजते आणि पहार उसळून परत येते. बोरीचे झाड तिथे कमरेच्या वर जात नसे. मुळांना खाली वाट नव्हती, ती आडवी पसरत. एकदा वाऱ्याने उपटून पडलेली बाभूळ मी पाहिली होती; तिचा बुडखा खालून परातीसारखा सपाट होता. तिथे नांगर चालत नसे, विहीर खणता येत नसे, मेलेले ढोरसुद्धा पुरता येत नसे. म्हणून तर ते गायरान राहिले होते. गवत मात्र येई, आखूड आणि गोड. पावसानंतर चार दिवस थरावर पाणी साचून राही, ते शेळ्या पीत.

या थराला गावात 'गच' म्हणत. खड्डा घेताना कोणी थांबला तर विचारत, "लागला का गच?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसील कचेरीत गेलो. हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू मागे सरली होती आणि आता जुने दप्तर मराठीत उतरवून घेण्याचे काम चालू होते. आमच्या मंडळाचे काम एका अव्वल कारकुनाकडे होते. त्यांची उर्दू शाळेत चौथीपर्यंत झाली होती. गृहस्थ सरळ होते, कोणाकडून चहासुद्धा घेत नसत. त्यांनी जुनी वही काढली. गायरानाच्या ओळीत, शेवटच्या कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात बोट ठेवून त्यांनी वाचले, "गच्ची."

"सायेब, जिमिनीवर गच्ची नाय," आत्या म्हणाली.

"मावशी, दप्तरात आहे."

"दप्तरात आसंल. जिमिनीवर नाय."

"आधी दप्तर, मग जमीन."

"जिमीन आदीपासनं हाय की."

"नोंद होईपर्यंत ती नसते, मावशी."

आत्याने माझ्याकडे पाहिले. "मंग या, दावा आमाला," ती म्हणाली. "आमी पाडतो."

ते खरोखरच आले. आठवडाभराने, एसटीने, एका शिपायाला आणि मोजणीच्या साखळीला बरोबर घेऊन. गायरानाच्या मधोमध त्यांनी शिपायाला पहार मारायला सांगितली. वीतभर माती उडाली, मग ठण्ण आवाज आला. शिपायाने माती हाताने बाजूला सारली. खाली पांढरे, सपाट, घट्ट असे काही होते. अव्वल कारकून गुडघ्यावर बसले, नखाने खरवडून पाहिले, जिभेला लावले.

"चुना," ते म्हणाले.

त्यांनी आणखी सहा ठिकाणी खोदायला लावले. सहाही ठिकाणी तेच निघाले. मग त्यांनी बोरीच्या सावलीत बसून पंचनामा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: "समक्ष खोदून पाहता वीतभर मातीखाली चुन्याची पक्की गच्ची आढळली. गच्ची सलग असून तीस कोठेही तडा नाही. काम जुने व उत्तम प्रतीचे आहे. जिना आढळला नाही. खालचे मजले मातीने भरले असावेत."

"खालचं मजलं!" आत्या म्हणाली. "आन् सायेब, त्यात ऱ्हातंय कोण?"

"त्याचा या पंचनाम्याशी संबंध नाही."

पंच म्हणून सरपंच आणि एक म्हातारे शेतकरी होते. सरपंचांनी सही केली. म्हाताऱ्यांनी अंगठा उठवताना विचारले, "एवढी मोठी गच्ची शहरात कुणाची हाय का वो?" अव्वल कारकून म्हणाले, बत्तीस एकरांची त्यांच्या तरी पाहण्यात नाही. म्हाताऱ्यांनी समाधानाने अंगठा दाबला. घरी जाताना ते दोघांना तरी सांगत होते की काम उत्तम प्रतीचे निघाले.

मी शहरात परतून बातमी लिहिली. नैसर्गिक थराची कचेरीने गच्ची केली आहे आणि त्यामुळे चराई बंद पडणार आहे, असे तिच्यात होते. गच्ची या शब्दाआधी मी प्रत्येक ठिकाणी 'कथित' लिहिले होते. संपादकांनी विचारले, "दप्तरात गच्ची आहे?"

"आहे."

"पंचनाम्यात?"

"आहे."

"मग कथित कशावरून?"

"मी ती लहानपणापासून पाहिलेली आहे."

"तो पुरावा नव्हे," ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर बातमी आली: 'गायरानाखाली प्राचीन इमारत?' मी लिहिलेल्यातले त्या प्रश्नचिन्हाएवढेच उरले होते.

पंधरा दिवसांत दुसरी नोटीस आली. 'वर्तमानपत्रातील वृत्तावरून' सदर ठिकाणी प्राचीन इमारत असण्याचा संभव दिसतो, तरी पुढील आदेश होईपर्यंत गच्ची पाडू नये, आणि सदर जमिनीवर जनावरे सोडू नयेत. पहिली नोटीस रद्द झालेली नव्हती. म्हणजे गच्ची मुदतीत पाडायची होती आणि तिला हातही लावायचा नव्हता, आणि दोन्ही केले तरी शेळ्या बंदच.

आत्या पुन्हा सकाळच्या एसटीने आली.

"तूच लिवलंस का ह्ये?"

"हो."

"झ्याक केलंस. आदी एकच नोटीस हुती, सोबतीला कुणी नवतं तिला."

माझ्या खोलीच्या खाली एक मुन्शीजी राहत. निजामाच्या काळात ते महसुलात पेशकार होते आणि जुने दप्तर त्यांनी हयातभर हाताळले होते. आत्याचा आवाज ऐकून ते वर आले. सगळे ऐकून घेतले, खाली जाऊन शेरवानी घातली आणि म्हणाले, "चलो, देखते."

कचेरीत अव्वल कारकुनांनी त्यांना खुर्ची दिली आणि वही पुढे केली. मुन्शीजींनी चष्मा काढला, वही डोळ्यांजवळ नेली, लांब केली, परत जवळ नेली.

"भई, ये तो गच है. गच्ची कां से आई?"

"खाली 'ये' अक्षर आहे ना, चाचा. गच आणि ये. गच्ची."

"ये नइं है ये. ऊपर की सतर में देखो, 'ज़मीन' लिक्खा है. उसका नून नीचे लटक रा."

अव्वल कारकून वाकले. वरच्या ओळीतल्या 'जमीन' या शब्दाचे शेवटचे अक्षर लिहिणाऱ्याच्या घाईत खालच्या ओळीत उतरले होते आणि 'गच'च्या मागे शेपटीसारखे लागले होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "खरं आहे. गच आहे. माझी चूक."

आत्याने पदराने तोंड पुसले. मी माझ्या वहीत वेळ लिहून घेतली. पण अव्वल कारकुनांनी कपाटातून शब्दकोश काढला होता. भाषांतर शब्दकोशाप्रमाणेच करायचे, असा त्यांना आदेश होता. गच या शब्दापुढे दिले होते: चुन्याचे पक्के काम, फरसबंदी.

"गच्ची खोडतो," ते म्हणाले, "आणि फरसबंदी लिहितो."

"बत्तीस एकर?" मी विचारले.

"क्षेत्रात बदल नाही."

मुन्शीजी घाईने उठले. "नक्को भई, नक्को! गच्चीच रहने दो. फरसबंदी लिक्खे तो कल कोई बाज़ार भरा देंगा उस पे."

अव्वल कारकुनांनाही ते पटले. पेन हवेतच राहिले. मग आत्याने खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखा हात टेबलावर ठेवला.

"सायेब, गच्चीवर लोक काय काय करत्यात?"

"म्हणजे?"

"वाळवण घालत्यात?"

"घालतात."

"निजत्यात?"

"उन्हाळ्यात."

"शेळी बांदली तर?"

अव्वल कारकुनांनी नियमांचे पुस्तक उघडले. शेवटी ते म्हणाले, "घराच्या गच्चीवर जनावर ठेवायला मनाई दिसत नाही."

"आन् त्या दुसऱ्या नोटिशीत काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले: "सदर जमिनीवर जनावरे सोडू नयेत."

"जिमिनीवर," आत्या म्हणाली. "म्या कुठं जिमिनीवर सोडतेय? म्या गच्चीवर सोडणार."

अव्वल कारकुनांनी दोन्ही नोटिसा शेजारी शेजारी ठेवल्या आणि तीन वेळा वाचल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा आनंद दिसला. "अर्ज द्या," ते म्हणाले.

अर्ज मी तिथेच लिहिला. परवानगी दहा दिवसांनी आली: "सदर गच्चीवर चाळीस शेळ्या ठेवण्यास हरकत नाही. मात्र गच्चीस कठडा नसल्याने शेळ्या पडून इजा होण्याचा संभव आहे. सबब कठडा बांधून घेतल्यावरच परवानगी अमलात येईल."

गच्ची आजूबाजूच्या जमिनीशी सपाट होती. शेळी पडणार कुठे, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर नवी नोटीस आली असती. गावातल्या लोकांनी पांढरे दगड वेचून गायरानाच्या कडेने गुडघाभर उंचीची रांग रचली. ज्यांच्याकडे एकही शेळी नव्हती तेही आले. अंगठा देणारे म्हातारे रोज येऊन काम उत्तम प्रतीचे होते आहे की नाही, ते पाहत.

कठडा पाहायला अव्वल कारकून स्वतः आले. आत्याने शेळ्या आत सोडल्या. पहिलीच शेळी कठड्यावर चढून उभी राहिली आणि कारकुनांकडे पाहत रवंथ करू लागली. त्यांनी लिहिले, "कठडा शेळीचे वजन पेलतो." मग ते बोट पुढे करून मोजू लागले.

"मावशी, परवानगी चाळिसाची आहे. इथे एक्केचाळीस दिसतात."

बोरीच्या बुडाशी एक करडू आईला लुचत होते. पाय अजून ओले होते.

"ते आत्ता झालं, सायेब," आत्या म्हणाली. "हितंच, गच्चीवर. म्या नाय आनलं. ते मूळचंच हितलं."

अव्वल कारकून करडाकडे पाहत राहिले. त्यांनी पेन उघडले, रकान्यावर नेले, आणि काही न लिहिता टोपण लावून खिशात ठेवले.