बिनरंगाच्या गाडीवरचे पांढरे डाग

गाड्या धुण्याच्या सेंटरवर सगळे तिला आरसाबाई म्हणत. हे नाव तिच्या आधीच्या नोकरीतून तिच्यासोबत आलं होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिने बावीस वर्षं स्टीलची पातेली, टेबलं आणि चहाचे बंब घासले. तिचा हात फिरलेल्या बंबात बघून नर्सबाया येता-जाता केस नीट करून घ्यायच्या. ते स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. घरी बसून पंधरा दिवस झाले नसतील, तोच सून म्हणाली, "आई, सकाळपासून तिसऱ्यांदा नळ घासताय. कीव करा त्या नळाची." दुसऱ्या दिवशी आरसाबाई सेंटरच्या दारात जाऊन उभी राहिली.

मालकाने तिला आतलं काम दिलं. पायपुसणी झटकायची, सीटखालचा कचरा काढायचा, काचा आतून पुसायच्या. बाहेरचा पत्रा पॉलिशवाल्याचा, आणि त्याच्या मशीनला शिवायची कुणाची टाप नव्हती. तिने वर्षभर तोंडातून ब्र काढला नाही.

मग एका सकाळी ती गाडी आली. कंपनीतूनच तशी आलेली, अंगावर रंगाचा थेंब नाही, नुसता स्टीलचा पत्रा. चालवत होते एक दाताचे डॉक्टर, शेजारी त्यांचे वडील. बॉनेटपासून डिकीपर्यंत पांढरे ठिपके आणि ओघळ, चुना शिंपडल्यासारखे.

"हे काय झालं हो?" मालकाने विचारलं.

"बाबांना विचारा," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी बोअरच्या पाण्याने धुतात आणि उन्हात तशीच सोडून देतात. गाडी म्हणजे काय वाळत घातलेली चादर आहे?"

वडील गाडीतून उतरले. उभी हयात छापखान्यात उभ्याने काढलेला तो माणूस मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

पॉलिशवाल्याने मशीन आणलं. चकती घरघरायला लागली आणि आरसाबाईच्या हातातलं पायपुसणं गळून पडलं.

"अरे बाबा, थांब! रंग नाहीये त्याच्यावर. गोल गोल घासलंस तर गोल गोल ओरखडे राहतील, जन्मभराचे."

"मावशी, हे पातेलं नाहीये."

"पातेलंच आहे. चाकं लावलीत, एवढंच."

डॉक्टरांना हसू आलं. मालकाने मात्र मशीन थांबवायला लावलं. "तुम्हाला जमेल?" त्याने विचारलं.

"आधी खालच्या कडेला करून बघते, कुणाला दिसणार नाही अशा जागी. बिघडलं तर घरी जाते."

तिने गाडी सावलीत घ्यायला लावली आणि पत्रा गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं क्षार नसलेलं पाणी तिने निम्मं निम्मं मिसळलं. त्यात मऊ फडकं भिजवलं आणि डागावर नुसतं ठेवून दिलं. पाच मिनिटं ती स्वस्थ बसली. मग स्टीलच्या अंगच्या बारीक रेघा जशा जात होत्या, तसंच फडकं सरळ ओढलं, आडवं एकदाही नाही. वरून तेच बॅटरीचं पाणी घातलं आणि लगेच कोरडं केलं. डाग गेला. मालकाचा जीव भांड्यात पडला.

बाकीच्या गाडीला दुपार झाली. जुने डाग दोनदा, कुठे तीनदा भिजवावे लागले. डॉक्टर फोनवर बोलायला रस्त्याकडे गेले असताना ती मागच्या दाराशी आली. वडील हळूच बाजूला झाले. तिथे तळहाताएवढ्या जागेत ओरखड्यांचं जाळं होतं.

"तारेची घासणी ना, काका?"

"हो," ते पुटपुटले. "काल डाग बघितले आणि घाबरलो. म्हटलं, त्याने बघायच्या आत काढावेत. हे जाईल ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "डाग जाईल. ओरखडा नाही जायचा."

मग मुलगा परत आला तेव्हा त्यांनी स्वतःच त्याला ते दाखवलं.

"बाबा, सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर गाडीला हात लावायची बंदी केली असतीस. दिवसभरात तेवढं एकच काम आहे रे मला."

आरसाबाईला घरचे ते पंधरा दिवस आठवले, आणि न विचारता ती बोलून गेली, "साहेब, धुतल्याने डाग पडत नाहीत. पाणी वाळू दिल्याने पडतात. काकांना दोन मऊ फडकी आणून द्या. सावलीत धुतील आणि पाणी असतानाच पुसतील. बिघडतंय काय?"

डॉक्टरांनी फडकी तिथूनच घेतली. दोन नाही, चार.

पॉलिशवाला दोन दिवस फुगून बसला. पण महिन्याभराने तसलीच दुसरी गाडी दारात आली तेव्हा त्याने मशीनचं बटण दाबलं नाही. "मावशी, बाहेर या," अशी हाक मारली आणि शेजारी उभा राहून तिचा हात कसा जातो ते बघत राहिला.

मागच्या दारावरचा ओरखडा आहे तसाच आहे. डॉक्टरांनी दार बदललं नाही. त्यांचे वडील आता शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही गाडी कोरडी करायला शिकवतात. फडकी तिघांच्या हातात असतात, पण काम चालतं ते जास्त करून तोंडाचं.