चवीपुरतं

आमचे वस्ताद जेवतात किती, हे मला विचारा. त्यांच्या शेजारच्या ओट्यावर मी भाज्या चिरते आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. सकाळी बिनसाखरेचा काळा चहा. दुपारी सगळा कारखाना जेवून उठला की बायकोने दिलेला डबा. त्यात उकडलेली फरसबी, काकडी, नशीब जोरावर असेल तर एखादं अंडं. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी क्रेट उलटा टाकून बसायचे आणि निमूटपणे चावत राहायचे. तरीही कुणी त्यांच्या पोटाकडे बघून गालातल्या गालात हसलं की माझं डोकं फिरायचं. आचाऱ्याचं पोट सुटलेलं दिसलं की लोकांना वाटतं, हा पातेल्यातच बसून जेवतो.

आधी कुणी हसलं तर तेही हसायचे. भला थोरला माणूस, दारात उभे राहिले की स्वयंपाकघरात अंधार पडायचा. "मावशी, दिवा लावा, मी आलोय," असं स्वतःच म्हणायचे. मला सगळे मावशीच म्हणतात. माझी काही तक्रार नाही, मावशीला कुणी उलट बोलत नाही. एवढा मोठा देह, पण सुई बघितली की वस्तादांचे डोळे पांढरे व्हायचे. कारखान्यात एकदा सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्यांना आडवं करायला चौघं लागले. नंतर उठवायलाही तेच चौघं.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि हसणं थांबलं.

ती शाळेत शिकवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून वस्तादांनीच तिला वाढवलं. ते तिला अजून चिमणी म्हणतात. वर्गातली मुलं मात्र या चिमणीला चळाचळा कापायची. आता दिवसाआड तिला कॅन्टीनजवळच्याच इस्पितळात मशीनला जोडून रक्त गाळून घ्यावं लागत होतं. वस्ताद कुणाला न विचारता तपासणी करून आले. सुई टोचताना डोळे मिटून बसलो, म्हणाले. किडनी जुळली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाळीला दुप्पट कस्टर्ड वाढलं आणि मॅनेजरची बोलणीही खाल्ली.

पण डॉक्टरांनी त्यांना वजनावर अडवलं. "किडनी उत्तम आहे, पण एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी वजन उतरवा. आणि लवकर उतरवा, बहिणीच्या हातातल्या शिरा आता फार दिवस साथ देणार नाहीत."

त्या दिवसापासून वस्ताद हात धुवून वजनाच्या मागे लागले. उजाडायच्या आत मैदानाला फेऱ्या, कामावर येताना मधला रस्ता सोडून पुलावरून लांबचा वळसा, संध्याकाळी कारखान्याचे जिने वरपर्यंत. सकाळी यायचे तेव्हा सदरा पिळला तर बादली भरेल. पाऊस असो, पाय सुजलेले असोत, एक दिवस चुकवला नाही. इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी विचारलं, काय काय खाता? त्यांनी काळ्या चहापासून काकडीपर्यंत सगळं खरं खरं सांगितलं. बायकोही सोबत होती, तिनेही शपथेवर सांगितलं. बाईंनी डोकं खाजवलं आणि अंडं बंद केलं.

दर शनिवारी वस्ताद कोठीतल्या काट्यावर उभे राहायचे. बटाट्याची आणि पिठाची पोती तोलायचा काटा तो. सुरुवातीला आम्ही सगळे गोळा व्हायचो. कुणी म्हणायचं, वस्ताद, खिशातल्या किल्ल्या काढा. कुणी म्हणायचं, मिशा काढा. काटा थोडा खाली आला, मग परत वर गेला, आणि मग तिथेच ढिम्म. काही शनिवारांनंतर आमची गर्दी पांगली. ते एकटेच जायचे, एकटेच यायचे, आणि गॅस पेटवायचे.

लोकांचं तोंड कुणी धरायचं? भांडी घासणारा एकदा म्हणाला, "द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणावं माणसाने. हे फिरण्याचं नाटक कशाला?" मी त्याला असा झाडला की दोन दिवस तो माझ्यासमोरून गेला नाही. पण वस्तादांनी ते ऐकलं होतं. दुपारी डबा न उघडताच क्रेटवर बसून राहिले.

"त्याचं काय चुकलं, मावशी?" ते म्हणाले. "मी तिच्याकडे जातो, तेव्हा ती काही विचारत नाही. माझ्या पोटाकडे बघत नाही, मुद्दाम दुसरीकडे बघते. मला शरमेनं मेल्यासारखं होतं. मी एवढा घाम गाळतो, तरी हे अंग माझं ऐकत नाही. कधी कधी वाटतं, आत कुठेतरी मलाच नको असेल."

"काहीतरीच बोलू नका. डबा खा."

त्यांनी डबा तसाच बायकोला परत नेला. पुढे पुढे बहिणीकडे जाणंही कमी केलं. जाऊन काय सांगू, म्हणायचे.

मग एका सकाळी तीच आली. इस्पितळातली मशीन बिघडली होती, दुपारनंतर या म्हणाले होते. घरी जाऊन परत येण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. वस्तादांनी क्रेटवर पोतं घालून तिला बसवलं आणि पाठीला पिठाची गोणी दिली. चेहरा पिवळट पडलेला, हातावर पट्ट्या, पण जीभ मास्तरणीचीच. "दादा, तुझ्याकडच्या या मुलांना रांगेत उभं राहायला कोण शिकवणार?" असं म्हणून तिने वाढप्यांना पाहता पाहता सरळ केलं.

स्वयंपाक जोरात होता. तेव्हा मी जे रोज बघत होते, तेच आता सांगते. वस्तादांनी रश्शात डाव घातला, तळहातावर थोडा घेतला, चाटला, मीठ टाकलं, ढवळलं. नुसत्या रश्शावरून मीठ कळत नाही, भाताबरोबर बघावं लागतं, म्हणून वाटीत दोन घास भात घेऊन त्यावर रस्सा ओतला आणि बघितला. तळलेला बटाटा आत कच्चा राहिला का, म्हणून एक मोडून तोंडात टाकला. दुसऱ्या घाण्यातलाही टाकला, कारण तेल तोवर तापलेलं असतं. साहेब लोकांची कमी तिखटाची भाजी वेगळी, तीही भाताबरोबरच बघितली. कस्टर्ड कोमट असताना चमचाभर, गार झाल्यावर चमचाभर, साखर गार झाल्यावरच खरी कळते. मग दुसऱ्या पाळीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. हातातल्या वाटीकडे त्यांचं लक्षही नसायचं, लक्ष पातेल्यात. आमच्या कुणाचंच नसायचं. चव बघितल्याशिवाय ताट बाहेर जात नाही, ही आमच्या स्वयंपाकघराची रीत. त्याला जेवण कोण म्हणतं?

चिमणी आधी गंमत बघत होती. नंतर तिने खाली बघून हातावरच्या पट्ट्या नीट करायला घेतल्या. जाताना भावाच्या दंडाला धरून उठली आणि म्हणाली, "दादा, तू सकाळी फिरतोस ना, तर जपून फीर. गुडघे दुखवून घेऊ नकोस." एवढंच. मला वाटलं, किती समजूतदार पोर आहे.

थंडी सुरू झाली आणि वस्तादांना सर्दी झाली. सर्दी म्हणजे कशी, तर नाक चोंदलं, ताप भरला, आणि तोंडाची चवच गेली. मीठ नि साखर त्यांना सारखीच लागू लागली. आठवडाभर घरी होते. आले तेही खोकत खोकत, फिरणं पूर्ण बंद, जिने बंद. पहिल्याच दिवशी रश्शात दोनदा मीठ पडलं आणि कारखान्याने ताटं परत पाठवली. तेव्हा त्यांनी डाव माझ्या हातात दिला. "मावशी, आता तुम्हीच बघा. मला सांगा, मी टाकतो."

मग मीच बघायला लागले. भाताबरोबर रस्सा, बटाटा मोडून, कस्टर्ड दोनदा. मान मोठा होता, मी तो मनापासून घेतला. सर्दी गेली, तरी त्यांची चव महिना-दीड महिना परत येईना, आणि माझ्या हातची चव कारखान्यालाही रुचू लागली होती.

एका शनिवारी वस्ताद कोठीतून बाहेर आले आणि म्हणाले, काटा बिघडलाय. स्टोअरकीपरने पिठाचं पोतं ठेवून बघितलं, काटा बरोबर होता. वस्तादांचं वजन उतरलं होतं. थोडंथोडकं नाही, सदऱ्याच्या गळ्यात हात जाईल इतकं. ज्या दिवसांत ते पाऊलभर चालले नव्हते, त्या दिवसांत. सगळे त्यांच्या पाठीवर थापा मारू लागले. वाढपी म्हणाला, वस्ताद, असेच आजारी पडत जा.

मी ॲप्रन बांधत होते. मागची गाठ बसेना. नाडी पूर्वी दोन बोटं उरायची, ती आता जेमतेम भेटत होती. मला हसू आलं. "वस्ताद, तुमचं वजन कुठे गेलं ते सापडलं," मी म्हणाले. "माझ्याकडे आलंय."

सगळे हसले. वस्तादही हसायला लागले आणि मधेच थांबले. गाठ तशीच सोडून मी रश्शाचा डाव उचलला होता, ओट्यावर भाताची वाटी होती. त्यांनी डावाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. मग खाली बसले. क्रेटवर नाही, जमिनीवरच बसले.

"डॉक्टरांनी सांगून किती महिने झाले, मावशी?" त्यांनी विचारलं. त्यांनाच ठाऊक होतं किती झाले ते.

दुपारचं वाढप कसंबसं उरकून ते इस्पितळात निघाले. एकटं सोडवेना म्हणून मीही ॲप्रन काढून मागे गेले. चिमणी मशीनला जोडलेली होती. हात आणखी बारीक झाला होता, आणि आता सुई मानेजवळून लावलेली होती. वस्तादांनी सुईकडे बघितलं, या वेळी डोळे मिटले नाहीत. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. रस्सा, भात, बटाटे, कस्टर्ड. चोरी कबूल करावी तसं, एकेक वस्तू सांगितली. शेवटी म्हणाले, "तुझे एवढे महिने मी खाल्ले गं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तुझ्याकडे बसले होते ना. सकाळपासून तू तीन माणसांचं जेवलास, दादा."

वस्तादांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

तिने मशीनच्या नळ्यांकडे बघितलं. "मला वाटलं, तुलाही माहीत आहे. वाटलं, तू घाबरलास. तुला सुईचीसुद्धा भीती वाटते, मला माहीत नाही का? तुझ्याकडे एवढं मागायचं, आणि वर तुला तोंडाने नाही म्हणायला लावायचं, ते मला जमलं नसतं. म्हटलं, वजनाच्या नावावर टळतंय तर टळू दे."

"चिमणे, मला खरंच माहीत नव्हतं."

"बरं," ती म्हणाली. मायेनेच म्हणाली. भावाच्या हातावर हात ठेवला. पण तिने ते मानलं की नाही, हे मला कळलं नाही, आणि वस्तादांनाही कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यानंतर वस्तादांच्या ओठाला डाव लागला नाही. चव परत आली तरी नाही. मीठ मी बघायची, साखर वाढपी बघायचा, आणि ॲप्रनच्या नाडीच्या भीतीने आम्ही नुसतं जिभेच्या टोकावर बघायचो. सकाळच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. वजन उतरत गेलं, सदरे शिंप्याकडे गेले, आणि डॉक्टरांनी एक दिवस तारीख दिली. चिमणीची प्रकृती फार खालावली होती, पण शस्त्रक्रियेपुरती ताकद आहे, म्हणाले. बायकोने नवा टॉवेल आणि नवी चप्पल घेतली. कॅन्टीनमधले एकेक जण येऊन हात मिळवून गेले, भांडी घासणाराही आला. तो म्हणाला, "वस्ताद, मी मूर्खासारखं बोललो होतो." वस्तादांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

भरती व्हायच्या दिवशी ते कॅन्टीनवरूनच जाणार होते. दुपारचं आवरून त्यांनी आपला ओटा पुसला, सुऱ्या धुऊन ठेवल्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. पिशवीचा बंद त्यांना बांधता येईना, म्हणून मी बांधून दिला.

"मावशी," ते म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणाले. "मला तरी कुठे माहीत होतं? तुमच्या शेजारीच तर उभी असते मी रोज. माझ्याही लक्षात आलं नाही."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"तुम्हाला भीती नव्हती, मावशी," ते म्हणाले. "मला होती."

मग ते रस्त्याला लागले आणि इस्पितळाच्या दिशेने चालत गेले.