विशाखा लाईटीत गेली

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला विषय निवडायची वेळ आली की माझ्या वर्गाला कोडिंगचं वेड लागतं. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर शिकायचे आणि शेवटी पुण्यात जाऊन लॅपटॉप उघडून बसायचं! मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पॉवर सिस्टिम शिकवून माझा घसा बसला, पण हा विषय मनापासून मागून घेणारी म्हणून एकच मुलगी चटकन आठवते. विशाखा, फुलंब्रीजवळच्या एका गावची.

तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी कॉलेजातच मिळाली होती. ती सोडून वीज कंपनीच्या परीक्षेला बसते म्हणाली, तेव्हा तिच्या मामानं घर डोक्यावर घेतलं. पोरगी काय आता खांबावर चढणार का, म्हणाला. मी तिला कारण विचारलं. "सर, जे शिकले तेच काम करायचंय," एवढंच ती बोलली.

पाठीशी उभे राहिले ते फक्त तिचे वडील, पुंडलिकराव. गावात त्यांची पिठाची गिरणी. त्यांचं कारण मात्र अफलातून होतं. "सर, पोरगी लाईटीत गेली की आमच्या गावची लाईट जायची नाय." तसं काही नसतं, हे मी परोपरीनं समजावलं. ते नुसते हसले.

विशाखा परीक्षा पास झाली आणि काही वर्षांनी बदली होऊन आपल्याच भागातल्या वीज उपकेंद्रावर अभियंता म्हणून आली. पुंडलिकरावांना आभाळ ठेंगणं झालं. आता लाईटीचा घोर सोडा, असं ते गिरणीवर येईल त्याला सांगत सुटले.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर गिरणीसमोर चकलीच्या भाजणीचे डबे रांगेला लागले होते आणि नेमकी लाईट गेली. गावाबाहेर तार तुटली होती. बन्सी लाईनमननं विशाखाकडून लाईन बंद करून घेतली आणि तो दुरुस्तीला गेला. या कामात एक नियम आहे. ज्यानं लाईन बंद करून घेतली, त्यानंच काम झालं, माणसं खाली उतरली, असं कळवल्याशिवाय ती चालू करायची नाही. मग समोर कोणीही असो.

रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या. सगळ्यांत पुढं द्वारकाबाई होती. ती चारचौघांत म्हणाली, "भाऊ, लेक लाईटीत हाय ना तुमची? मग आमचं दळण का अडलं?" पुंडलिकरावांना ते फार लागलं. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"विशाखा, बन्सी खाली उतरलाय. फाट्यावर चहा पितोय, आत्ताच ह्या डोळ्यांनी बघून आलो. सोड की लाईन."

"बाबा, त्याचा फोन आला नाय अजून."

"अगं, बाप सांगतोय ते खोटं व्हय?"

"खोटं नाय. पण तुमच्या सांगण्यावरून लाईन सुटायची नाय." तिनं फोन ठेवला.

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. इतकी वर्षं मिरवलं, आणि लेकीनं भर रांगेत नाक कापलं, असं पुंडलिकरावांना वाटलं. बन्सीलाच फोनवर बोलायला लावायचं म्हणून ते तणतणत फाट्यावर गेले. बन्सी टपरीवर चहा पिशवीत बांधून घेत होता.

"मी खाली हाय, भाऊ," तो म्हणाला. "पण फकिराभाऊ खांबावरच हायेत. त्यांच्यासाठीच नेतोय चहा."

फकिरा म्हणजे बन्सीच्या जोडीला लाईनीवर काम करणारा, द्वारकाबाईचा नवरा. पुंडलिकराव टपरीच्या बाकड्यावर मटकन बसले. हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं.

लाईट दुपारनंतर आली. द्वारकाबाई डबा घेऊन समोर उभी होती. गिरणी सुरू करायच्या आधी पुंडलिकरावांनी लेकीला पुन्हा फोन केला.

"विशाखा," ते म्हणाले, "आजपासून तू कामावर असताना माझा फोन उचलायचा नाय."